डिसेंबरात आधी आपला दिवा लावा, मग शेजारी केक खायला जा

डिसेंबर लागला की कॅम्पात लाइटिंग होतं, एमजी रोडवर लाल टोप्या विकायला येतात, बेकऱ्यांबाहेर रांगा लागतात आणि आपल्या घरातली पोरं विचारायला लागतात की आपल्याकडे झाड का नाही. पुण्यात आपण ज्यू मूठभर, त्यात बेने इस्राएल म्हणजे घरात मराठी बोलणारे, आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी कोकणातल्या गावांवरून आलेली आणि नावं डॅनियल नाहीतर रेचल, त्यामुळे निम्म्या लोकांना आपण ख्रिश्चनच वाटतो आणि पंचवीस तारखेला सकाळी सातपासून फोनवर मेरी ख्रिसमस सुरू होतं. वर्षानुवर्षं हेच चाललंय. ज्यांची पोरं आता शाळेत जायला लागली आहेत, किंवा जे लग्न करून नाहीतर नोकरीसाठी पुण्यात आलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय, नाताळात आणि आपल्या हनुकाच्या, म्हणजे दिव्यांच्या सणाच्या, आठ दिवसांत आम्ही घरी काय करतो आणि का करतो ते.

पहिली गोष्ट, घाबरून जाऊ नका, हे आपल्याला नवीन नाहीये. दुसऱ्याच्या सणात राहायचं कसं हे आपल्या लोकांना कोकणात असल्यापासून येतं. माझी आजी रास्ता पेठेत वाढली, आजूबाजूला सगळे वाडे, गणपतीत दहा दिवस आरत्या, दिवाळीत चारी बाजूंनी फराळाची ताटं. तिचा नियम साधा होता. फराळ खायचा, कंदील लावायला मदत करायची, सजावटीला हात लावायचा, पण आरतीला उभं राहायचं नाही, देवापुढे ठेवलेला प्रसाद हात जोडून नको म्हणायचं आणि कोणाच्याही देवाबद्दल घरात वाकडा शब्द काढायचा नाही. शेजारणींना हे माहीत होतं, त्या नैवेद्य दाखवायच्या आधीच तिच्यासाठी वेगळ्या करंज्या काढून ठेवायच्या. आता हाच नियम उचलून नाताळला लावायचा, बाकी काही नवीन शोधायची गरज नाही. शेजाऱ्यांच्या घरी जायचं, खायचं, पोरांनी झाडाला चांदण्या लावल्या तर लावू द्यायच्या, पण मिसाला आपण जात नाही, चर्चमधल्या प्रार्थनेत आपण भाग घेत नाही आणि झाड आपल्या घरात येत नाही. झाडाबद्दल मला लोक म्हणतात की अगं ते नुसतं डेकोरेशन आहे, पण मी ठाम आहे, आपल्या हॉलमध्ये त्या दिवसांत एकच गोष्ट उजळलेली दिसली पाहिजे आणि ती म्हणजे आपले दिवे.

हनुकाचं आधी समजून घ्या कारण पोरांना नीट सांगता आलं नाही तर ती नाताळच्या झगमगाटापुढे आपल्याकडे काहीच नाही असं समजून बसतात. अँटायोकस चौथा नावाचा ग्रीक राजा होता, त्याने यरुशलेमचं मंदिर बाटवलं, शब्बाथ, म्हणजे आपला शनिवारचा विसाव्याचा दिवस, पाळायला, सुंता करायला बंदी घातली. यहूदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी लढून इसवी सनापूर्वी 164 च्या सुमारास मंदिर परत घेतलं, साफ केलं आणि दिवा लावायला गेले तर शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती, ती आठ दिवस पुरली. म्हणून आठ रात्री. हनुका या शब्दाचा अर्थच मुळी मंदिर परत वाहिलं, अर्पण केलं असा आहे.

यात एक गंमत आहे जी मला दरवर्षी नव्याने भिडते. आपल्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणायचे, कारण ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. पण हा तेलाचा सण त्यांच्याकडे नव्हताच! आपल्या जुन्या सणांची नावं बघा, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण, सगळी मराठी नावं, आणि त्यात हनुका कुठेच नाही. आपल्यात असं सांगतात की आपले लोक कोकणातल्या नौगावच्या किनाऱ्याला लागले ते मक्काब्यांच्या हकिगतीच्या आधीच देश सोडून निघालेले होते, त्यामुळे त्यांना ती माहीतच नव्हती. बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढला तसा हा सण आपल्याकडे नंतर आला. म्हणून मी सांगते की नाताळशी बरोबरी करायला हनुका मोठा करू नका. धर्माच्या हिशेबाने तो लहान सण आहे, कामाला सुट्टी नाही, उपास नाही, दिवसभर सिनेगॉगात बसायचं नाही. संध्याकाळी दिवा लावायचा, बरोबर बसायचं, तळलेलं काहीतरी खायचं. रोज एवढंच, आणि आठ दिवस चुकवायचं नाही.

तारखांचा घोळ दरवर्षी होतो तो आधी मिटवा. हिब्रू महिने चंद्रावर चालतात, किस्लेवच्या 25 तारखेला हनुका सुरू होतो, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून 19 वर्षांत 7 वेळा एक जास्तीचा महिना घालतात, आपल्या शेजाऱ्यांच्या अधिक महिन्यासारखंच, असं सांगितलं की कुठल्याही मराठी माणसाला पटकन कळतं. त्यामुळे इंग्रजी तारीख मागेपुढे होते. 2024 ला पहिला दिवा बरोबर 25 डिसेंबरच्या संध्याकाळी होता. 2025 ला 14 डिसेंबरच्या संध्याकाळपासून. 2026 ला 4 डिसेंबर, म्हणजे नाताळच्या कितीतरी आधी सगळं संपतं. आणि 2027 ला 24 डिसेंबर, त्यातून शुक्रवार. हे कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहा पण लिहा. आणि लक्षात ठेवा की आपला दिवस संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे 2026 ला छापील कॅलेंडरवर 5 डिसेंबर दिसलं तरी दिवा 4 तारखेच्या संध्याकाळीच लावायचा.

आता दिवे. हनुकिया, म्हणजे हनुकाची नऊ फांद्यांची समई, असेल तर उत्तमच, नसेल तर अजिबात अडून बसू नका. दिवाळीच्या पणत्या उरलेल्या असतात, नसतील तर कसब्यात कुंभारवाड्यात मिळतात, त्यातल्या नऊ सारख्या बघून घ्या. एक स्टीलचा लांब ट्रे घ्यायचा, आठ पणत्या सरळ एका ओळीत, सगळ्या एका उंचीवर, गोल करून ठेवायच्या नाहीत आणि दोघींच्या मध्ये एवढं अंतर की ज्योती एकमेकींना लागणार नाहीत. नववी म्हणजे शमाश, म्हणजे सेवक, ती बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसली पाहिजे म्हणून उलट्या वाटीवर ठेवायची. शमाश का तर हनुकाच्या दिव्यांचा उजेड कशाला वापरायचा नसतो, त्या उजेडात वाचायचं नाही, भाजी निवडायची नाही, एका दिव्याने दुसरा पेटवायचा नाही, नुसतं बघायचं. पेटवायचं काम शमाशचं.

माझ्याकडे आजीची पद्धत आहे, काचेचे छोटे ग्लास, खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यात तरंगती वात. शब्बाथचा दिवाही आमच्याकडे असाच. पण पुण्यात डिसेंबरात हे करायला गेलात तर काय होतं ते सांगते, खोबरेल तेल थिजतं. पहिल्या वर्षी वेगळं घर केलं तेव्हा मी संध्याकाळी सहाला बाटली काढली तर आत पांढराशुभ्र गोळा, पोरगं कडेवर, नवरा दारात बूट काढतोय आणि मी बाटली उलटी करून आपटतेय, थेंब पडेना. कोकणात आजीच्या आईला हा प्रश्न आला नसणार, तिथे तेवढी थंडी कुठे. तेव्हापासून दुपारीच बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवते, आणि त्यात थोडं तिळाचं तेल मिसळते, मग तेवढं पटकन थिजत नाही. ऑलिव्ह ऑइल सगळ्यात चांगलं मानतात कारण मंदिरात तेच होतं, परवडत असेल तर जरूर वापरा, पण सूर्यफुलाचं तेलही चालतं, मेणबत्त्याही चालतात, केकवर लावतात त्या बारीक मेणबत्त्या मात्र नकोत, त्या चार मिनिटांत संपतात. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास जळेल एवढं तेल हवंच.

लावायचं कसं: पहिल्या रात्री सगळ्यात उजवीकडचा एक दिवा, दुसऱ्या रात्री त्याच्या डावीकडे अजून एक, असं वाढवत जायचं. ठेवताना उजवीकडून, पण पेटवताना नवीन दिव्यापासून सुरुवात, म्हणजे डावीकडून उजवीकडे. शमाश धरून आठ दिवसांत एकूण 44 ज्योती होतात, पेटीतल्या मेणबत्त्या मोजून घ्या. आशीर्वाद पेटवायच्या आधी म्हणायचे, रोज दोन, पहिल्या रात्री तिसरा शेहेहियानू, ज्याचा अर्थ आहे की ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि या वेळेपर्यंत आणून पोचवलं त्याची स्तुती असो. हिब्रू येत नसेल तर देवनागरीत लिहून फ्रिजवर चिकटवा आणि खाली मराठी अर्थ लिहा. यात कमीपणा काहीच नाही, 1874 साली इथे पुण्यातच हगादा, म्हणजे पेसाख या आपल्या सणाला वाचायची पोथी, छापली गेली होती, हिब्रू आणि मराठी दोन्ही, आणि त्यातल्या चित्रात पेसाखची तयारी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. आपल्या लोकांनी प्रार्थना नेहमीच स्वतःच्या भाषेत समजून घेतलीये.

बायकांनीही लावायचा, पोरांनीही, एकट्या राहणाऱ्या माणसानेही. होस्टेलवर असाल तर खोलीत ज्योत लावायला परवानगी नसते, मग रेक्टरना आधी भेटून मेसच्या ओट्यावर नाहीतर अंगणात लावायचं विचारा, नीट सांगितलं की बहुतेक लोक हो म्हणतात.

जागा खिडकीची नाहीतर दाराची, कारण हा दिवा बाहेरच्यांना दिसावा म्हणूनच आहे. दारात लावला तर मझुझा, म्हणजे चौकटीवर लावतात ती वचनांची डबी, उजवीकडे असतो, दिवा डावीकडे, म्हणजे माणूस दोन्हींच्या मधून घरात येतो. फ्लॅटमध्ये पॅसेजला वारा असतो, पणती विझते, शिवाय लिफ्टमधून येणारी जाणारी पोरं, ओढण्या, म्हणून मी आता हॉलच्या खिडकीत लावते, पडदे क्लिपने वर बांधून ठेवते आणि दिवा असेपर्यंत एक मोठं माणूस तिथून हलत नाही. आपल्याकडे जुनी पद्धत आहे की दिवे जळत असेपर्यंत बायकांनी घरातलं काम करायचं नाही. ती पाळा! तो अर्धा तास माझ्यासाठी अख्ख्या वर्षातला सगळ्यात चांगला असतो. आणि कोणाला बाहेरून दिसेल असं लावायची काळजी वाटत असेल, मग कारण काहीही असो, तर आत टेबलावर लावा, धोका वाटत असेल तर घरात लावायची मुभा तालमूद या आपल्या जुन्या धर्मग्रंथातच दिलीये, त्याने दिवा कमी होत नाही.

शुक्रवारची गोष्ट वेगळी, तिथेच सगळे चुकतात. शब्बाथ सुरू झाला की पेटवता येत नाही, म्हणून शुक्रवारी हनुकाचे दिवे आधी, मग शब्बाथचे. पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो म्हणजे साडेपाचच्या सुमारास सगळं तयार पाहिजे, आणि तेल निदान दीड तास पुरेल एवढं घालायचं कारण अंधार पडल्यानंतरचा अर्धा तास धरावाच लागतो. शनिवारी उलट, शब्बाथ संपून हवदाला, म्हणजे त्याला निरोप द्यायची प्रार्थना, झाल्यावरच हनुका. आता 2027 चा विचार करा, 24 डिसेंबर, शुक्रवार, पहिला दिवा, आणि त्याच संध्याकाळी अख्खं पुणं कॅम्पात लाइटिंग बघायला उतरलेलं. खराडी हिंजवडीला नोकरी असेल तर त्या दिवशी हाफ डे आत्ताच मनात पक्का करून ठेवा, नाहीतर पहिला दिवा ट्रॅफिकमध्येच जाईल.

आता शेजार आणि खाणं, कारण खरी परीक्षा इथे आहे. कुसवारचं ताट येतं, त्यात नेवऱ्या, कलकल, डोदोल, रोझ कुकी, केक. मराठी ख्रिस्ती घरातून तर करंज्या, चकल्या आणि शंकरपाळीच येतात, ते ताट दिवाळीचं की नाताळचं हे ओळखूसुद्धा येत नाही. घ्या, प्रेमाने घ्या. फक्त दोन प्रश्न विचारायचे, तळलंय कशात आणि केकमधले मनुके कशात भिजवलेत. प्राण्याची चरबी आपल्याला चालत नाही, आणि द्राक्षाची वाइन किंवा ब्रँडी कोशेर, म्हणजे आपल्या धर्मनियमांप्रमाणे केलेली, नसेल तर जी घरं कडक पाळतात त्यांना चालत नाही, रमचं तसं नाही कारण ती उसाची. जिलेटीन घातलेली पुडिंगं टाळा. आमच्या मजल्यावरच्या आंटींना मी पंधरा वर्षांपूर्वी एकदाच सांगितलं, दारात उभं राहून, हळू आवाजात, की आंटी आमच्याकडे असं असं चालत नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्या म्हणाल्या अगं आधी नाही का सांगायचं. आता त्या दरवर्षी माझ्यासाठी एक छोटा केक वेगळा करतात, संत्र्याच्या रसात मनुके भिजवून, आणि डब्यावर माझं नाव लिहिलेली चिठ्ठी. मला तो डबा बघून दरवेळी आजीच्या शेजारणीच्या वेगळ्या काढलेल्या करंज्या आठवतात.

जेवायला बोलावलं तर सरळ सांगा की बाहेर मी व्हेज खाते. सोरपोतेल डुकराचं, कोळंबी आपल्याला चालत नाही कारण खवले आणि पंख असलेलाच मासा चालतो, आणि मटण आपल्या पद्धतीने कापलेलं नसतं, हे सगळं जेवणाच्या टेबलावर समजावत बसलं की यजमानांना अवघडल्यासारखं होतं. महाराष्ट्रात व्हेज म्हटलं की कोणी कारण विचारत नाही, ही आपल्याला मिळालेली मोठी सोय आहे.

आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. हनुका आणि नाताळ जवळ आले असतील तर आपलं तळलेलं द्या. बाहेरचे ज्यू बटाट्याचे लाटके आणि जॅम भरलेले डोनट करतात, आपण बटाटा किसून, पाणी घट्ट पिळून, कांदा, हिरवी मिरची, एक अंडं, थोडं तांदळाचं पीठ घालून कढईत टाकलं की झालं, पिळण्यात आळस केला तर मात्र तेलात फुटतात. बटाटेवडेही चालतात, करंज्याही चालतात, तेलात तळलेलं पाहिजे एवढंच. गुलाबजाम केलेत तर त्या दिवशी जेवण बिनमटणाचं ठेवा, खवा म्हणजे दूध, आणि दूध मटण आपण एकत्र करत नाही. मटण असेल तर गोड नारळाच्या दुधातलं करा, आपला चिकाचा हलवा त्यासाठी एकदम बरोबर आहे.

शाळा हा सगळ्यात नाजूक विषय. माझ्या धाकटीला सीनियर केजीत असताना नाताळच्या नाटकात घेतलं, बाईंनी मला न विचारता, कारण नाव बघून त्यांना वाटलं ख्रिश्चनच असणार. मला कळलं तेव्हा ड्रेस शिवून आला होता. मी शाळेत गेले, भांडले नाही, पण मला रडू आलं, कारण बाई म्हणाल्या की मग तुम्ही नक्की आहात तरी कोण. मुलगी शेजारी उभी होती आणि तिने ते ऐकलं. त्यावरून मी शिकले ते असं, जूनमध्येच, ॲडमिशनच्या वेळी, वर्गशिक्षिकेला एक पानभर चिठ्ठी द्यायची. त्यात लिहायचं की आम्ही ज्यू आहोत, ख्रिश्चन नाही, महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय, आमचे सण हे हे आहेत, मूल नाताळच्या कार्यक्रमात मागचा पडदा रंगवेल, नाच करेल, खाऊ वाटेल, पण धार्मिक भूमिका आणि प्रार्थना नको. आणि सोबत विचारायचं की हनुकाच्या आठवड्यात मी वर्गात येऊन दहा मिनिटं गोष्ट सांगू का. मी गेली चार वर्षं जातेय. भोवरा नेते.

भोवऱ्याचा खेळ पोरांना फार आवडतो म्हणून नीट सांगते. विकतचा ड्रेडल, म्हणजे हा चार बाजूंचा भोवरा, मिळाला नाही तर पुठ्ठ्याचा चौकोन कापा, मधोमध टोक केलेली काडी घाला, चार बाजूंना नून, गिमेल, हे, शिन ही अक्षरं. चारी मिळून अर्थ होतो की तिथे मोठा चमत्कार झाला. प्रत्येकाने शेंगदाणे नाहीतर गोळ्या घेऊन बसायचं, मध्ये एकेक टाकायचा, भोवरा फिरवायचा. नून पडलं तर काही नाही, गिमेल पडलं तर मधलं सगळं तुमचं, हे पडलं तर अर्धं, शिन पडलं तर एक परत टाका. तिसरीच्या वर्गात चाळीस पोरं एकदम गिमेल म्हणून ओरडली तेव्हा माझ्या मुलीचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही.

सांताबद्दल पोरं विचारतात की आपल्याकडे का येत नाही. खोटं सांगू नका आणि दुसऱ्यांच्या पोरांचा विरसही करू देऊ नका. आम्ही सांगतो की तो त्यांच्या सणातला, आपल्या सणात हनुका गेल्ट, म्हणजे मोठ्यांच्या हातून मिळणारे पैसे. रोज रात्री एक नाणं, आठव्या रात्री एक नोट, आणि त्यातलं थोडं पोराने स्वतःच्या हाताने कोणाला तरी द्यायचं. आठ दिवस आठ महागडी गिफ्टं हा प्रकार आपल्याकडे आणू नका, कृपा करून.

येशूबद्दल विचारतील तेव्हा साधं उत्तर द्या. तो ज्यू घरात जन्मला, ख्रिस्ती लोक त्याला देवाचा पुत्र आणि मसीहा मानतात, आपण मानत नाही, आपण मसीहाची वाट बघतोय, आणि आपल्या शेजाऱ्यांसाठी तो फार मोठा आहे म्हणून आपण त्याच्याबद्दल आदरानेच बोलायचं. कधीतरी, फार क्वचित, कोणीतरी म्हणतं की तुमच्या लोकांनी त्याला मारलं. पुण्यात मला आयुष्यात दोनदा ऐकावं लागलंय. आवाज न चढवता सांगा की हा आरोप सगळ्या ज्यूंवर टाकता येत नाही असं खुद्द कॅथलिक चर्चनेच 1965 साली व्हॅटिकन कौन्सिलमध्ये जाहीर केलंय. एवढं पुरतं. आणि आपणही लक्षात ठेवावं की मुंबई आणि कोकणात बेने इस्राएलांच्या कित्येक पोरांना शाळा आणि हिब्रूची अक्षरं मिळाली ती एकोणिसाव्या शतकातल्या मिशनऱ्यांकडून, ते आले होते धर्मांतर करायला, आपले लोक शिकले आणि तरी बहुतेक सगळे ज्यूच राहिले.

ऑफिसचं सोपं आहे. ख्रिस्ती सहकाऱ्याला मोकळेपणाने मेरी ख्रिसमस म्हणा, त्याने आपलं काही जात नाही. दुसरं कोणी गैरसमजाने आपल्याला म्हणालं तर थँक यू, माझा हनुका असतो एवढं म्हणून हसायचं, लेक्चर नको. सीक्रेट सांता खेळा. पण एक काम जरूर करा, 24 आणि 25 ची ड्युटी आपणहून मागून घ्या, शब्बाथ येत नसेल तर. मी हॉस्पिटलात काम करते, माझ्या बरोबरच्या निम्म्या सिस्टर केरळच्या आणि गोव्याच्या, त्यांना त्या रात्री घरी जायचं असतं. त्या बदल्यात किप्पूरला, म्हणजे दारफाळणीच्या, आपल्या मोठ्या उपासाच्या दिवशी, त्या माझी ड्युटी घेतात, न सांगता, कारण तो दिवस सुट्ट्यांच्या यादीत नसतो. 2026 ला किप्पूर 21 सप्टेंबरला आहे, सोमवार, ऐन गणपतीत, तेव्हा अशी आधीच झालेली अदलाबदल किती कामाला येते बघा.

एक दिवस पोरांना घेऊन कॅम्पात जाच. लाइटिंग बघा, आणि मग मोलेदिना रोडला लाल देवळापाशी उभे राहा. ओहेल डेव्हिड, डेव्हिड ससूननी बांधायला घेतलेलं, 1867 मध्ये पूर्ण झालं तोवर ते गेले होते, त्यांची कबर तिथेच आवारात आहे. लाल विटा, उंच मनोरा, घड्याळ, बाहेरून बघणाऱ्याला चर्चच वाटतं, आणि पुणेकर त्याला देऊळ म्हणतात, आणि आहे ते सिनेगॉग. आत जायचं असेल तर आधी विचारून ओळखपत्र घेऊन जा, बंदोबस्त असतो. शक्य झालं तर एका रात्री रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमोमध्ये नाहीतर इथे सगळ्यांबरोबर दिवा लावा, घरात चार जण असतात, तिथे आवाज भरतो, आणि पोरांना कळतं की आपण एकटे नाही आहोत. घरी परत आल्यावर एलियाहू हनबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणा, आजी आजोबा असतील तर त्यांच्याकडून मराठी कीर्तनातली दोन कडवी म्हणवून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, माझ्या आजीचं राहून गेलं.

आठव्या रात्रीनंतर पणत्या लगेच धुवू नका, तेल पिऊन चिकट झालेल्या असतात, आधी कागदाने पुसा, मग गरम पाणी आणि सोडा. वाळल्या की एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, शमाशची वाटी त्यातच ठेवा म्हणजे शोधाशोध होत नाही, आणि खोक्यावर पुढच्या पहिल्या दिव्याची तारीख आणि वार मोठ्या अक्षरात लिहा. माझ्या खोक्यावर लिहिलंय, 4 डिसेंबर 2026, शुक्रवार, तेल जास्त, साडेपाच.